केळ्यांच्या चेंबरमधला यमन

आमच्या बँडचं नाव ठरवण्यात जेवढा वेळ गेला तेवढा गाण्यावर गेला असता, तर हे लिहायची वेळच आली नसती. नाव इंग्रजी होतं, त्यात एका अक्षराच्या जागी आकडा होता, आणि ते काळ्या टीशर्टांवर छापून घेण्याचं काम पहिलं गाणं बसायच्याही आधी उरकलं होतं. मे महिन्यात, जळगावात, काळे टीशर्ट. एवढ्यावरून बाकीची अक्कल ज्याची त्याने ताडावी.

आम्ही चौघं होतो. मी गाणारी, जळगावच्या कॉलेजात संगीत घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तबल्यावर माझ्याच वर्गातला मुलगा, हाताने गोड आणि तोंडाने मुका. कोणी काहीही सांगो, हा मान डोलावणार. कीबोर्डवाला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. कुठल्याही रागाचा प्रश्न एका बटणाने सुटतो असं त्याचं मत होतं, आणि ते बटण दाबलं की 'ढिक चिक ढिक चिक' सुरू व्हायचं. चौथा गिटारवाला, सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा पुतण्या. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, गिटार मोबाइलवर बघून शिकलेली, केस मागे बांधलेले. तो आमचा लीडर. कारण गिटार त्याची, स्पीकर त्याचा आणि गाडी त्याच्या काकांची.

त्याला फ्यूजन करायचं होतं. फ्यूजन म्हणजे नेमकं काय, असं मी त्याला एकदा सरळ विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे बघ, आधी तू ते तुझं आ-आ करायचं. मग मी येतो."

शाळेत असल्यापासून मी जो यमन घासत होते, त्याला 'ते तुझं आ-आ' म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी राहिले कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं कारण माझ्या घरात होतं.

घर धुळ्याला, देवपुरात. वडील एसटीत कंडक्टर. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांच्या लेखी गाणं म्हणजे वरातीतला बँड, नाहीतर देवळातलं भजन. त्यासाठी कोणी कॉलेजात जातं, हे त्यांनी बी.ए.पर्यंत कसंबसं चालवून घेतलं. पुढे संगीतातच एम.ए. करायचंय म्हटल्यावर मात्र त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "गानामा काय शे? पोट भरस का त्यानं?" मी बी.एड. करावं, शाळेत लागावं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. मी घरी रियाजाला बसले की नाना टीव्हीचा आवाज वाढवत. त्यात खोडसाळपणा नव्हता, त्यांना खरोखरच बातम्या ऐकू येत नसत. तरी मला दर वेळी तेवढाच राग यायचा. आईने फारच धरून बसल्यावर एकदाचे ते म्हणाले, "एकदाव ऐकसू, लोकेसमोर. मंग ठरवसू."

लोकांसमोर म्हणजे स्टेज हवं, माइक हवा, खुर्च्या हव्यात. आमच्या कॉलेजातल्या सभा वर्गातच व्हायच्या, सतरंजीवर, आणि ऐकणारे आमचे आम्हीच. नाना त्यांना लोक म्हणाले नसते. अशात गिटारवाल्याच्या काकांच्या व्याह्यांनी नेमका देवपुरातच समाजाचा गुणगौरव सोहळा ठेवला आणि त्यात आमच्या बँडला अर्धा तास मिळाला. आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं अंतर. माझं एम.ए. त्या अर्ध्या तासावर येऊन बसलं, आणि तो अर्धा तास होता या लीडरच्या हातात.

तालमीला जागा नव्हती. होस्टेलवर वाद्यांना बंदी, कॉलेजला सुट्टी. तेव्हा लीडरने तोड काढली, आपण काकांच्या रायपनिंग चेंबरमध्ये वाजवू. सावद्याकडे कच्ची केळी पिकवायला अशा मोठाल्या गार खोल्या बांधलेल्या असतात. जाड पत्र्याच्या भिंती, आत दमट गारवा, एका बाजूला छतापर्यंत रचलेले क्रेट आणि सगळीकडे पिकत्या केळ्यांचा गोड वास. आम्ही जळगावहून भुसावळमार्गे एसटीने घामाच्या धारा पुसत सावद्याला जायचो आणि तिथे पिशवीतून स्वेटर काढून अंगात घालायचो. काकांची अट एकच होती. "दार लावून घ्या, गारवा जातो." आत आम्ही यमन गातोय की बोंबलतोय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

त्या खोलीत आवाज असा घुमायचा की कोणी शिंकलं तरी भारी वाटावं. लीडरला तर तिथे स्वतःचा साक्षात्कारच झाला. "साउंड बघ, साउंड!" असं तो दर दोन ओळींनंतर म्हणायचा. इकडे दमटपणाने तबला सारखा उतरायचा, आणि आमचा तबलजी हातोडी घेऊन त्याला ठोकून ठोकून वर चढवायचा. मी म्हटलं, अरे, इथे लावलेलं बाहेर टिकायचं नाही. कातडं आहे ते, उन्हात ताणलं जाणार. एकदा तरी बाहेर वाजवून बघू.

"बाहेर ऊन किती आहे!" लीडर म्हणाला.

धुळ्याला काय बर्फ पडणार होता? मी तबलजीकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, पण लीडरकडे बघून. कॉलेजातल्या आमच्या सरांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. सर म्हणाले, "गा, बेटा. फक्त माइकवर माझं नाव घेऊ नकोस."

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही चेंबरमध्येच शेवटची तालीम केली. गिटार लागली, तबला लागला. लीडरने जाहीर केलं, "एकदम परफेक्ट. आता कोणी हात लावायचा नाही." जणू सूर म्हणजे फ्रीजमधलं दूध, झाकण लावून ठेवलं की झालं.

वाद्यं न्यायला काकांची पिकअप होती. तीच पिकअप सोहळ्याच्या जेवणासाठी केळी घेऊन निघाली होती. क्रेट रचून झाल्यावर त्यांवर केळीची पानं अंथरली गेली, त्यावर ओलं गोणपाट. काका स्वतः येऊन गोणपाटाची टोकं नीट खोचून गेले, लहान मुलाला पांघरूण घालावं तसं. त्याच्या शेजारी उघड्यावर तबल्याची जोडी, गिटार, कीबोर्ड. मी ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, यांच्यावर पण एक गोणपाट टाका ना."

त्याने वाद्यांकडे बघितलं. "ताई, हे काय नासणार आहे?"

लीडर आणि बाकीचे दोघं काकांच्या एसी गाडीतून पुढे गेले. मी मुद्दाम पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले, निदान कोणीतरी वाद्यांसोबत असावं म्हणून. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. मी सारखी मागे वळून बघत होते, पण बघण्याने काय होणार? धुळ्यात उतरलो तेव्हा केळ्यांना डागसुद्धा लागला नव्हता. तबल्याला हात लावला तर तव्यासारखा तापलेला.

मांडवात पुढे सोफे, सोफ्यांपुढे कूलर, आणि बाकी जनतेसाठी गरम वारा. सत्कार चालू होते. एवढ्या उकाड्यात लोकरीच्या शाली पांघरल्या जात होत्या आणि सत्कारमूर्ती त्या अंगावर घेऊन घाम गाळत फोटो काढून घेत होत्या. नाना मागे खांबाशी उभे होते. त्या दिवशी त्यांनी ड्युटी बदलून घेतली होती आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

सूर तपासायला वेळच मिळाला नाही. निवेदकाने आमचं ते आकडेवालं नाव चुकीचं वाचलं आणि आम्हाला वर ढकललं. मी कीबोर्डवाल्याकडून षड्ज मागून घेतला, डोळे मिटले आणि आलाप सुरू केला. पहिलं मिनिट चांगलं गेलं. तेवढं एकच मिनिट माझं होतं. मग लीडर आला.

गिटारच्या तारा उन्हाने सैल पडल्या होत्या. ती माझ्या सुराच्या खाली वाजत होती. तबला तापून चढला होता. तो माझ्या वर वाजत होता. बिचारा कीबोर्ड यंत्र असल्यामुळे जिथल्या तिथे होता, पण त्याचा आवाज साउंडवाल्याने कमी करून गिटारचा वाढवलेला, कारण गिटार काकांच्या पुतण्याची. मी कीबोर्डचा सूर धरायचा प्रयत्न केला, तो ऐकूच येईना. तबला धरला तर गिटार खाली ओढायची, आणि गिटार धरणं मला जन्मात शक्य नव्हतं. तबलजी माझ्याकडे बघून मान डोलवत राहिला. बंदिशीत वरचा षड्ज लांबवायची जागा आली. तो सूर मी कुठे लावला, मला आजही सांगता येणार नाही. दोघांच्या मधे कुठेतरी, जिथे कुठलाच सूर राहत नाही अशा ठिकाणी, आणि तिथेच मी तो धरून उभी राहिले, कारण हलायला जागा नव्हती. त्याच वेळी कोणी पुढारी मांडवात शिरले. निवेदकाने माइकवरून त्यांचं स्वागत केलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, कीबोर्डवाल्याने आपलं बटण दाबलं आणि ढिक चिक सुरू झालं.

आणि मांडव उसळला. लोक खुर्च्यांवरून उठून नाचायला लागले. मी चालू माइकसमोर रडकुंडीला आले होते आणि समोर टाळ्यांचा पाऊस पडत होता. खाली उतरल्यावर लीडर घामाने चमकत म्हणाला, "लाइव्हमध्ये थोडं रॉ असतंच." मी त्याच्या गिटारची काय वाट लागली होती ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या गळ्यात हार पडला. मलाही शाल मिळाली, लोकरीची.

घरी जाताना मी नानांच्या मागे दोन पावलं चालत होते. बी.एड.चा फॉर्म कुठे मिळतो, याचा विचार करत होते. नाना दारात चपला काढता काढता आईला म्हणाले, "आते शिकू दे तिले. बठ्ठा लोक नाची राह्यनात."

सगळे लोक नाचले, एवढं त्यांना पुरलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण तो आनंद घशाखाली उतरेना. इतकी वर्षं त्याच घरात, पलीकडच्या खोलीत मी सुरात गात होते, तेव्हा नाना बातम्या ऐकत होते. आयुष्यातलं सगळ्यात वाईट गाणं गायले आणि एम.ए. मिळालं. त्या तबल्याचे, गिटारचे आणि त्या गोणपाटाचे आभार मानायचे की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बँड मी त्याच आठवड्यात सोडला. लीडरने माझ्या जागी आणलेली मुलगी आ-आ करत नाही, त्यामुळे त्यांचं बरं चाललंय म्हणे.

आता मी एम.ए.ला आहे. जळगावहून नानांना फोन लावला की ते लवकर उचलत नाहीत. मला वाटायचं, तिकिटं फाडण्यात गुंतले असतील. मग एकदा सुट्टीत मी त्यांच्याच गाडीने धुळ्याहून निघाले. पारोळ्याच्या पुढे त्यांच्या खिशात फोन वाजला. आधी मला कळलंच नाही. मग ओळखलं. माझाच आवाज होता, तोच वरचा षड्ज, मधे लटकलेला, खाली गिटार आणि वर तबला. नानांनी त्या दिवशी मागे उभं राहून मोबाइलवर टिपून घेतला होता आणि डेपोतल्या कोणाकडून तरी त्याची रिंगटोन करून घेतली होती. फोन वाजत राहिला. भरलेली गाडी ऐकत होती. नाना हातातलं तिकीट तसंच धरून उभे होते. सूर संपेपर्यंत त्यांनी खिशात हात घातला नाही, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "मनी पोर शे."

मी त्यांना माझ्या परीक्षेतला यमन पाठवला, स्वच्छ, सुरातला. त्यांनी तो ऐकला. "हाई बी चांगलं शे," म्हणाले, आणि रिंगटोन तीच ठेवली. मग मी दोन रिंगांतच फोन कापायला लागले, तर नाना रागावले. "कापू नको व. पुरं वाजू दे."

हल्ली मी कापत नाही. फोन कानाला लावून बसून राहते. मला इकडे नुसती साधी घंटी ऐकू येते. तिकडे गाडीत काय वाजतंय, ते मला पक्कं ठाऊक असतं.