खालच्या शिवाराचा ग्रुप

आमच्या शिवारात लाइट कधी येईल, याचा काही नेम नाही. ऑटो स्टार्टर लावावा, तर विजेचा दाब कमी-जास्त होऊन मोटर जळते. म्हणून पहिल्यापासून रीत अशी, की जो शेतात असेल त्यानं बांधावरून ओरडून बाकीच्यांना सांगायचं. मी मंठ्याला शाळेत शिकवतो, माझी मोसंबीची बाग गावाकडं. तिथून मला ओरडणं कसं ऐकू येणार? म्हणून बांधशेजाऱ्यानं मोबाईलवर ग्रुप काढला. तो आणि मी एका बाकावर शिकलेलो, विहीरही सामाईक. सुरुवातीला त्या ग्रुपवर दोनच वाक्यं असायची, लाइट आली आणि लाइट गेली. आल्याचं कळलं की मी सुट्टीत गाडीवर जाऊन मोटर चालू करून यायचो.

मग सकाळच्या फुलांचे फोटो आले, निवडणूक आली, आरक्षण आलं. माझा शेजारी एका बाजूला आणि मी दुसऱ्या. कुठलातरी जुना व्हिडिओ कालचा म्हणून त्यानं टाकला. मी शिक्षकच, राहवेना. खोटा आहे, असं लिहिलं. त्यानं लिहिलं, "मास्तर, पगार खाऊन आम्हाला शिकवू नका." मीही काही कमी नाही, मी त्याची अक्कल काढली. पाठोपाठ दोन्हीकडून माणसं तुटून पडली. ज्यांच्याशी मी आयुष्यात उणं बोललो नाही, त्यांनी माझा बाप काढला. त्या गदारोळात कुणी लाइट आल्याचं लिहिलं असेल तरी दिसणार कसं?

उन्हाळा तापला होता. फळं हरभऱ्याएवढी झालेली, आणि या दिवसांत पाण्याचा ताण बसला की सगळी गळून झाडाखाली सडा पडतो. मी वर्गात शिकवता शिकवता खिशातला मोबाईल चाचपायचो. काढून बघावं तर शिव्या. ग्रुप सोडावा तर लाइटचं कळणार नाही, ठेवावा तर डोकं ठिकाणावर राहत नाही. घरी जेवताना बायको काही विचारायची, मी तिसरंच उत्तर द्यायचो. एकच खात्री मनात बसली होती, की आता शेजारी मला लाइट आल्याचं सांगणार नाही. बाग जाणार.

शेवटी एका दुपारी अर्धी रजा टाकली आणि गाडी काढली. रस्ताभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. बांधावर पोचलो तर ठिबकच्या फिल्टरमधून पाणी वाहण्याचा आवाज येत होता. वाकून पाहिलं, नळ्या भरलेल्या, झाडाखालची माती ओली. माझा स्टार्टर चालू होता. शेजारी विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली मोबाईल घेऊन बसलेला.

"मोटर कुणी चालू केली?"

"मंग काय बाग वाळू द्यायची का?" त्यानं मान वर केली नाही. "लाइट आल्ती. तू न्हवता. कालबी मीच चालू केल्ती."

मला भरून आलं, खरंच. तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला. ग्रुपवर त्याचाच मेसेज होता, आत्ताचा, की मास्तरसारख्या गद्दारांना शिवारात पाय ठेवू देऊ नका.

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याचा अंगठा अजून चालूच होता.

"हे काय लिहून राह्यला?"

"ते तिथलं हाय," तो शांतपणे म्हणाला. "इथं तुला काही म्हणलो का? बस सावलीला."

मी बसलो. त्यानं पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली, मी घोटभर प्यालो. आभार मानायचे होते, ते ओठांवर आलेही होते. मग मेसेज पुन्हा वाचला, डोकं भणभणलं, आणि हातभर अंतरावर बसलेल्या त्या माणसाला मी मोबाईलवर उत्तर लिहायला लागलो.