बाग ताणावर, पाणबुडी तळावर

पाण्याला इतका भिणारा आणि पाण्याखाली जायचा इतका ध्यास घेतलेला दुसरा माणूस बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. हे गृहस्थ म्हणजे आमचे थोरले साडू, माझ्या बायकोच्या बहिणीचे यजमान. राहायला कळसला, हयात गेली लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून. पोहायला येत नाही. विहिरीत डोकवायचं असलं तर आधी कुणालातरी कमरेला धरायला लावतात. अशा माणसाने निवृत्तीनंतर काय करावं, तर रिमोटवर चालणारी पाणबुडी! मी विचारलं, "दादा, विमान का नाही करत?" तर म्हणाले, "पाव्हणं, इमान वर जातंय, समदं गाव बघतंय. खालचं कोण बघणार?"

एखादी वस्तू ज्या कामासाठी बनली त्याच कामाला लागलेली त्यांना बघवत नाही. पाणबुडीचं अंग सहा इंची पीव्हीसी पाइपाचं. पाणी आत ओढून बुडायला आणि बाहेर ढकलून वर यायला जनावरांना औषध पाजायच्या दोन मोठ्या पिचकाऱ्या. वजनाला भाजीच्या तराजूची मापं. पुढच्या काचेसाठी लोणच्याची बरणी कामी आली आणि घरातलं लोणचं आठ दिवस पातेल्यात राहिलं. रिमोट एका मोडक्या फवारणीच्या ड्रोनचा. त्याची परीक्षा मात्र कसून घेतली. पाणबुडी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवायची आणि स्वतः रिमोट घेऊन गोठ्याच्या पलीकडे जायचं. तिकडून बटण दाबलं की इकडे पंखा फिरायचा आणि पिठाच्या परातीत वारं शिरायचं. "तीन भिंतीतनं ऐकती!" हे त्यांनी गावात इतक्या जणांना सांगितलं की लोक रस्ता बदलायला लागले.

या सगळ्यावर अक्कांचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा, एकच पहारा होता आणि तो पाण्यावर. त्यांची डाळिंबाची बाग प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यावर जगते. बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात, त्याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. महिना-दीड महिना तहान सोसलेलं झाड मग पहिलं पाणी मिळालं की जीव तोडून फुलतं. काही वर्षांपूर्वी साडूंनी आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवला होता. तो ऐन ताणात आपल्या मनाने उघडला आणि फुलांऐवजी बागेत नुसता पाला माजला. त्या हंगामात अक्का त्यांच्याशी बोलल्या नाहीत. 'जेवायला बसा' हेसुद्धा कुत्र्याकडे बघून म्हणायच्या. शेवटी बोलल्या त्या एवढंच, "बागंच्या पाण्याला तुमी हात लावायचा न्हाय. मी हाय तवर." साडू व्हय म्हणाले. त्यामुळे पाणबुडीला परवानगी मिळाली ती याच अटीवर.

जलावतरणाला आम्ही बारामतीहून सहकुटुंब गेलो. थंडीचे दिवस, बाग नुकतीच ताणावर सोडलेली. अक्कांनी नारळ फोडला. पाणबुडीने शेततळ्यात दोन झोकदार फेऱ्या मारल्या, साडूंनी बटण दाबलं आणि ती अशी सुरेख खाली गेली की आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ती वर येईना. साडूंनी सगळी बटणं दाबली, रिमोट डोक्यावर धरला, शेवटी गुडघ्यावर बसून पाण्याला लावून दाबला. एकाने विहिरीतल्या बादल्या काढायचा गळ आणला. "तळ्याचा कागद फाटंल," म्हणून अक्कांनी तो परत पाठवला. दुसरा उतरायला निघाला, तर "त्या निसरड्यावरनं कुणी वर आलंय का?" म्हणून त्याला गप्प बसवला. शेजारचे ऊसवाले तात्या फार कळवळले. "आमच्या उसाला सोडा की तळं. तुमची बोट घावंल, आमालाबी पुण्य लागंल."

म्हणजे बाग ताणावर, पाणबुडी तळावर आणि साडू काठावर. दोन वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात मुरत होती आणि मोटारीचं बटण दहा पावलांवर होतं. तळं उपसलं तर पाणबुडी हाती लागली असती, पण बहार गेला असता. हा माणूस बटण दाबणार याबद्दल आम्हा नातेवाइकांत दुमत नव्हतं, वाद फक्त दिवसाचा होता. अक्का एकदा बाजाराला इंदापूरला गेल्या आणि परत आल्यावर पिशवी खाली न ठेवता आधी मोटारीला हात लावला. मोटार गार होती. साडू बटणाकडे पाठ करून बसले होते. असे ते रोज बसले, सकाळ-संध्याकाळ, चाळीस दिवस. आयुष्यभर ज्यांची थट्टा केली त्या माणसाचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

संक्रांत झाली आणि अक्कांनी स्वतः मोटार चालू केली. पहिल्या पाण्याला तळं थोडं उतरलं, तिसऱ्या पाण्याला उतारावर शेवाळलेलं शेपूट दिसलं. साडूंनी आधी कागद नीट तपासला, मग बांबूने पाणबुडी ओढून घेतली. हात पुसून त्यांनी झाकण उघडलं. आत थेंबभर पाणी नव्हतं.

"कोरडी हाय गं!" ते ओरडले आणि चक्क रडायला लागले. बोट बिचारी शहाणी होती. रिमोटचा हुकूम तीन भिंतींतून जात होता, पाण्यातून जात नव्हता. पाण्यातली परीक्षा काय ती घेतली होती टिपाडात, हातभर खोलीवर. अक्कांनी कोरड्या पाइपात हात घालून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "एवढी ब्येस केलीया, तर मग दोरी का बांधली न्हाय?"

आता तिला दोरी असते. डाळिंबाच्या फांद्या बांधायची सुतळी, आणि तिचं टोक अक्कांच्या हातात. अलीकडे साडूंना नीट दिसत नाही. ऑपरेशन झालं, पण नजर गेली ती फारशी परत आली नाही. तरी दुपार कलली की दोघं तळ्यावर जातात. मागच्या खेपेला मीही गेलो होतो. साडूंनी बटण दाबलं, पाण्याच्या दिशेने मान वळवली आणि विचारलं, "वर आली का गं?"

"आली," अक्का म्हणाल्या.

पाण्यावर काहीच नव्हतं. अक्का सुतळी हळूहळू ओढत होत्या.