तिसरी रांग, कडेची खुर्ची

आमच्या सासऱ्यांना बाजारात सगळे ‘तिसरी रांग’ म्हणतात. ‘तिसरी रांग आली का?’, ‘तिसऱ्या रांगेला चहा द्या.’ मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दुकान बाजाराच्या तिसऱ्या रांगेत असेल. दुकान तर चक्क कोपऱ्यावर. बॅगा दुरुस्तीचं. चेन बसवायची, चाकं बदलायची, तुटलेल्या मुठी लावायच्या. बाबा चेन आणि चाकं बघतात, शिलाई मशीन माझ्याकडे. बाबांचं काम चोख आहे, पण त्यासाठी त्यांना कुणी ओळखत नाही. त्यांची ख्याती रडण्याची.

त्याचं असं आहे, की आमच्या गावात सत्ता पहिल्यापासून एकाच पक्षाची आणि पक्ष थोरल्यांचा. नगराध्यक्ष आले नि गेले, थोरले पक्षाच्या अध्यक्षपदावर कायम. कुठला रस्ता आधी खोदायचा आणि कुठला खोदून तसाच ठेवायचा, हे त्यांच्या बैठकीच्या खोलीत ठरायचं. दर तीन वर्षांनी पक्षाचं अधिवेशन. आणि प्रत्येक अधिवेशनात भाषणाच्या शेवटी थोरले चष्मा काढून म्हणायचे, ‘आता वय झालं. मी थांबतो.’ ते म्हणायचा अवकाश, तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून आमचे बाबा उठायचे. हात जोडलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडातून शब्द नाही. ते बघून मागची रांग उठायची, मग तिच्या मागची, मग सगळा हॉल. थोरले चष्मा परत लावायचे, ‘तुमच्या प्रेमापुढे माझा नाइलाज आहे’ म्हणायचे आणि आणखी तीन वर्षांची सोय व्हायची.

यात सगळ्यात हाल उपाध्यक्षांचे. माणूस गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. ऐन उमेदीत उपाध्यक्ष झाला, आता केस काळे करून करून टाळूची साल निघायची वेळ आली. पण बाबा उठले, की पाठोपाठ त्यालाही उठावं लागायचं, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ‘साहेब, आम्हाला पोरकं करू नका’ म्हणावं लागायचं. फोटोत त्याचे आवळलेले दात स्पष्ट दिसतात.

बाबांना हे काम कुणी दिलं, असं मी एकदा सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दाढेनं. पहिल्या वेळी बाबांची दाढ ठणकत होती. भाषण लांबलं, कळ डोक्यात गेली, म्हणून बाहेर पडायला ते उठले. डोळे भरलेले, गालावर हात. नेमके त्याच क्षणी थोरल्यांनी ‘मी थांबतो’ म्हटलं होतं. पुढचं सगळं हॉलनं केलं. थोरल्यांनी स्टेजवर बोलावून मिठी मारली ती दुखऱ्या बाजूनं, तेव्हा तर बाबांना हुंदकाच फुटला. दुसऱ्या दिवशी दाढ काढली, पण खुर्ची कायमची मिळाली.

पुढच्या वेळी मात्र रडू खरं आलं, असं बाबा शपथेवर सांगतात. मला ते खरं वाटतं. उभ्या आयुष्यात या माणसाला कुणी कशाला विचारलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाची खुर्ची आपल्या उठण्यावर टिकते म्हटल्यावर कुणाचाही गळा दाटेल. सासूबाईंना तेवढं मोठं मन नाही. ‘माझी आई गेली तेव्हा हे कोरडे ठणठणीत,’ असं त्या पाहुण्यांनाही ऐकवतात.

अधिवेशनाच्या आधी थोरले बाबांना घरी बोलवून घ्यायचे आणि म्हणायचे, या वेळी मी खरंच जाणार, तुम्ही उठू नका. बाबा घरी येऊन खुशीत सांगायचे, निरोप आला, उठायचं आहे. थोरल्यांची भाषा कळायला अनुभव लागतो, असंही वर सांगायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणारे थोरले आणि न मागता ताक घालणारे बाबा.

तर या वेळीही निरोप तोच आला. बाबांनी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला. आणि त्याच आठवड्यात थोरल्यांची बायको, आम्ही त्यांना बाई म्हणतो, त्या दुकानात आल्या. हातात तपकिरी बॅग.

ती बॅग आमच्या ओळखीची. दर अधिवेशनाच्या आधी बाई ती घेऊन यायच्या. चेन तेवढी बघा, म्हणायच्या, बहिणीकडे जायचंय. बहीण थोरली, दूर समुद्राकाठी एकटी राहते, नजर गेलेली. हे पदावरून उतरले, की दोघं मिळून निवांत काही महिने राहून येऊ, असं बाईंचं ठरलेलं. मी चेनीला मेण लावायचे, बॅगेचा आकार बसू नये म्हणून आत कागदाचे बोळे कोंबायचे, आणि बाई घेऊन जायच्या. पुढे काय व्हायचं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

या वेळी बाई गेल्यावर मी बॅग उघडली. आत बोळे होते. मीच कोंबलेले, माझ्याच हातचे, जसेच्या तसे, कोपऱ्यात दाबलेले. मी बॅग बाबांपुढे ठेवली. मला म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही, पण माझं तोंड कसं असतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

बाबा एकेक बोळा काढत बसले. काढून झाल्यावर त्यांनी सगळे परत आत भरले. मग पुन्हा काढले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, थोरल्यांना खरंच जायचं असेल का? सासूबाई म्हणाल्या, त्यांचं माहीत नाही, बॅगेला जायचंय. बाबा जेवायचे थांबले. नाही उठलो, तर थोरले आपल्याशी जन्मात बोलायचे नाहीत; आणि मग तिसऱ्या रांगेत आपल्याला कोण बसवणार, नुसता चेन बसवणारा माणूस राहू. हे त्यांनी तोंडानं म्हटलं. मला आधी राग आला आणि मग वाईट वाटलं, कारण ते खोटं नव्हतं.

बाई बॅग न्यायला आल्या तेव्हा बाबा बोळे परत भरायला वाकले. बाई म्हणाल्या, “या वेळी कागद घालू नका. रिकामीच द्या.”

बाबांनी रिकामी दिली.

अधिवेशनाला मी आणि सासूबाई बायकांच्या बाजूला बसलो होतो. हॉल तोच, पंखे तेच, थोरल्यांचं भाषणही बरंचसं तेच. थोरल्यांनी चष्मा काढला. ‘आता वय झालं,’ म्हणाले. ‘मी थांबतो.’

बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मागच्या रांगेतले काही जण अर्धे उठून तसेच वाकून राहिले, कारण पुढचा उठल्याशिवाय उठायची कुणाला सवय नव्हती. थोरल्यांनी पाणी प्यायलं. तिसऱ्या रांगेकडे बघितलं. पुन्हा म्हणाले, जरा सावकाश, लहान मुलाला समजावावं तसं, ‘मी थांबतो, असं मी म्हटलं.’ पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्या मागे वळल्या नाहीत, पण त्यांची मान ताठ झालेली मला इथून दिसत होती. आणि बाबा रडत होते. धारा लागल्या होत्या, हनुवटीवरून सदऱ्यावर. पण बसून.

उपाध्यक्षांना हे खरं वाटायला थोडा वेळ लागला. मग ते असे उठले, की खुर्ची मागे पडली. ‘जड अंतःकरणानं आपण साहेबांच्या इच्छेचा मान राखू,’ असं ते एका दमात बोलले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी हार मागवला. हार त्यांच्याच मापाचा होता. आधीच सांगून ठेवला असणार, बहुतेक प्रत्येक अधिवेशनाला सांगत असतील.

पुढचे काही आठवडे बाबांनी खाल्लेल्या मिठाची बाजारात फार चौकशी झाली. उपाध्यक्षांनी, म्हणजे आता नव्या अध्यक्षांनी, विकत घेतलं म्हणे. किती घेतले, ते चहावाल्यानं मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं, तुझी उधारी फिटेल एवढे मिळाले असते, तर आधी तुलाच गप्प केलं असतं. नव्या अध्यक्षांनी पहिल्या रांगेत बसायचा निरोप पाठवला, तेव्हा तर आगीत तेलच पडलं. बाबा गेले नाहीत. पांढरा सदरा त्यांनी मशीन पुसायला काढून दिला. मी तो धुऊन कपाटात ठेवला.

थोरले आणि बाई समुद्राकाठी गेले होते एवढंच कळलं. जाताना थोरल्यांनी दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही, हेही चहावाल्यानंच सांगितलं.

मग एका दुपारी दुकानाच्या पायरीवर तपकिरी बॅग आली आणि तिच्यामागून स्वतः थोरले. एक चाक तुटलेलं. गाडी नाही, मागे चार माणसं नाहीत. बॅग त्यांनी स्वतः ओढत आणली होती आणि ओढायची सवय नसल्यामुळेच चाक गेलं होतं. बाबा उभे राहिले आणि स्टूल पुसायला लागले. पुसलेलंच स्टूल तीनदा पुसलं.

थोरले बसले. बराच वेळ चाकाबद्दल बोलले. मग म्हणाले, “तुम्ही उठला का नाहीत?”

“तुम्हीच नको म्हणाला होतात.”

“ते मी दर वेळी म्हणायचो.”

 मी बॅग उघडून उलटी केली, आणि काउंटरवर वाळू पडली. चांगली ओंजळभर. कोपऱ्याकोपऱ्यातून पडत राहिली. थोरले त्या वाळूकडे बघत बसले.

“आमच्या हिला शिट्टी वाजवता येते,” ते शेवटी म्हणाले. “तुम्हाला माहीत होतं?”

आम्हाला कुठून माहीत असणार. मग ते सांगत बसले. दोघी बहिणी सकाळी वाळूवर फिरायला जायच्या. थोरलीला दिसत नाही, म्हणून बाई पुढे चालताना शिट्टी वाजवायच्या आणि थोरली त्या आवाजामागून यायची. लहानपणी अंधारात असंच करायच्या म्हणे. इतकी वर्षं एका घरात राहून, थोरले म्हणाले, मला ठाऊक नव्हतं. मग विचारायची वेळच कधी आली नाही, असं म्हणाले आणि पुढे, की येत होती, पण दर तीन वर्षांनी टळत होती. हे म्हणताना ते बाबांकडे बघत होते, पण रागानं नव्हे. बाबांनी चाक हातात घेतलं होतं, ते उगीच फिरवत राहिले.

तेव्हापासून थोरले रोज दुपारी येतात. बाईंना घरी शांतता हवी असते आणि थोरल्यांना बोलायला हॉल हवा असतो, तो आता आमचं दुकान. कुठली चेन आधी बसवावी आणि कुठली उसवून तशीच ठेवावी, याबद्दल त्यांची ठाम मतं आहेत. गिऱ्हाइकांना ते पुढची तारीख देतात. मी ती बदलते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी सासूबाईंना म्हणते आणि त्या मला थोरल्यांसाठी बिस्किटांचा डबा देतात.

दुकान बंद करायची वेळ झाली, की थोरले चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, ‘चला, वेळ झाली. मी निघतो.’ त्याबरोबर बाबा स्टुलावरून उठतात. ‘एवढ्यात? बसा हो,’ म्हणतात. थोरले ‘तुमचा आग्रहच आहे तर’ म्हणून चष्मा लावतात आणि बसतात. मग मागे घरात माझी भाजी करपते, माझी पोरं भांडतात आणि दुकानाचा दिवा जळत राहतो.

परवा मी ठरवलं, आता पुरे. थोरल्यांनी चष्मा काढला, तशी मी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांच्या पाठीमागून बाबांकडे डोळे वटारले. बसून राहा, उठू नका. बाबांना कळलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. थोरले म्हणाले, ‘मी निघतो.’  थोरल्यांनी चष्मा पुसला. आधीच पुसलेला होता. मग काठी शोधायला लागले, ती त्यांच्या हातातच होती.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. डोळे डबडबलेले. आणि ते उठले.

मी शटर वर केलं आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.