तराजूला हळदकुंकू

त्या दिवशी सकाळी मी आणि बायकोनं मिळून माझं धोतर पिळलं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. धोतरावर वरण सांडलं होतं. साबण लागला तसा पिवळा डाग लालभडक झाला.

"आवं, आलं बघा तुमचं कॉलेज," ती म्हणाली.

"नीट धर, मातीत पडंल," मी म्हणालो. तिच्याशी शेवटचं बोललो ते एवढंच. दुपारी ती आडवी झाली ती उठली नाही. भेटायला येणारे तिचे गुण सांगतात. मला तसलं जमत नाही. ती 'तुमचं कॉलेज' का म्हणाली, तेवढं लिहून ठेवतो.

माझं कॉलेज म्हणजे एक साल. पुढं रझाकारांची धामधूम झाली, वर्ग बंद पडला आणि मी शेतीला लागलो. पण ते एक साल लई मजेत गेलं.

निजामाच्या राज्याची अखेर होती. आमचं गाव लातूरकडचं. मी मॅट्रिक झालो तेव्हा नांदेडला कामाच्या शास्त्राचा नवा वर्ग निघाला होता. साबण कसा करायचा, तेल कसं तपासायचं, खतात काय असतं, असलं शिकवायचे. सगळं उर्दूत. माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. बाप म्हणाला, "दसऱ्यापर्यंत जा. मास्तरचा वाईट कागद आला तर औत तयारच हाय."

दाराआडून बायको म्हणाली, "कागद यायचाच न्हाई."

सासऱ्यापुढं सून बोलली. घरात दोन दिवस धुसफूस चालली. मी मात्र ट्रंक उचलली आणि मोटारीत बसलो.

आमचे मास्तर हैदराबादचे. काळी शेरवानी, नाकावर चष्मा. प्रयोगाच्या खोलीत काचेच्या पेटीत पितळी तराजू होता. डोक्याचा केस ठेवला तरी काटा हलायचा. मास्तर आम्हाला त्याच्याजवळ मोठ्यानं श्वास घेऊ देत नसत.

आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी औत, विळे, खुरपी धुऊन हळदकुंकू लावतात. माझ्या खोलीवर कंधारचा एकजण राहायचा. सकाळी तो म्हणाला, "तुझा बाप औत पुजून राहिला असंल. आपण काय पुजायचं?"

"तराजू," मी म्हणालो.

वर्ग भरायच्या आधी आम्ही खोलीत शिरलो. दोन्ही पारड्यांना हळदकुंकवाची बोटं ओढली, दांडीवर झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. नारळ फोडायचं कंधारच्याच्या मनात होतं, पण पेटीची काच बघून त्यानं तो पिशवीत ठेवला.

मास्तर आले. पेटी उघडली. काटा एका बाजूला जाऊन बसला होता.

"ये हरकत किसकी है?"

कंधारवाला छताच्या वाशांकडं बघायला लागला. मी उभा राहिलो. "मेरी, जनाब. आज हत्यार की पूजा रहती."

"हत्यार? इससे किसको मारनेवाले हो?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "साफ करो. आज तुम्हारे वालिद को खत जाएगा."

घरी औत पुजूनच ठेवलं होतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी घेऊन मी फडकं फिरवायला लागलो, तर पारडं लाल झालं. लाल पाणी टेबलावर ठिबकायला लागलं.

"तराजूला मार लागला रं," मागून कुणीतरी म्हणालं.

मास्तर जवळ आले, वाकून बघितलं. "ये लाल कायकू हुआ? बताओगे तो खत नहीं जाएगा."

पुस्तकातलं मला काही आठवेना. आठवले ते बायकोचे हात. तिच्या माहेरी कुंकू करायचे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून आली तेव्हा तिच्या बोटांच्या पेरांना लाली होती. कशानं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "एवढं शिकला आन् हे ठावं न्हाई?" मग तिनंच सांगितलं होतं.

मी म्हणालो, "हल्दी को चुना लगा तो कुंकू होता, जनाब. सोडा भी चुने का भाई है."

"और लिंबू डाला तो?"

"फिर पीला."

मास्तरांनी लिंबू मागवलं. पिळलं. लाल पाणी पिवळं झालं. चष्मा पुसत ते वर्गाला म्हणाले, "लिखो. आज का तजुर्बा यही है." प्रयोगाला ते तजुर्बा म्हणायचे. मग मला विचारलं, "किसने सिखाया?"

"घर में देखा," मी म्हणालो. बायकोचं नाव काढायची लाज वाटली. चारचौघांत पोरं हसली असती. खत टळलं, पण त्या खोटं बोलण्यानं दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. लातूरची मोटार सुटायच्या आधी मी आपट्याची पानं घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. सोनं हातात दिलं, पाया पडलो आणि सांगून टाकलं, "कल झूट बोला, जनाब. मेरी बीवी ने सिखाया."

मास्तर मोठ्यानं हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी त्यातली दोन पानं मला परत दिली. "ये उनको देना. कहना, मास्टर ने भेजा."

मी पानं टोपीत ठेवली आणि मोटारीकडं पळालो.