लाल रेघ आणि माझा अर्ज

मयत : डॉ. वसुधा केळसकर, समुद्र व हवामानाच्या शास्त्रज्ञ. दिवस : ज्येष्ठ अमावास्या, भर दुपार. ठिकाण : श्रीवर्धनजवळचा आमचा कोळीवाडा. साक्षीदार : हिराबाय, जिला बाईंनी पाठीवर घेतले; आणि मी, कचेरीसमोरचा अर्जलेखक, शिक्षण सातवी, परंतु तालुक्यात माझ्या मसुद्याला तोड नाही.

बाईंनी उधाणाचा अभ्यास कागदात ठेवला नाही. दारोदार म्हाताऱ्यांना विचारीत, ‘पाणी कुठवर आलेलं?’ उत्तर आपल्या मोजणीशी ताडून त्या भिंतीवर लाल रेघ ओढीत. रेघ कमरेच्या वर असेल, त्या घराने पहिल्या इशाऱ्याला टेकडीवरच्या शाळेत जायचे. कोणी कोणाला उचलायचे, तेही ठरलेले.

परंतु रस्तारुंदीत पाडलेल्या घरांवर अशाच लाल खुणा आम्ही पाहिल्या होत्या. वाडा रागाने पेटला. सभेत कोणीतरी रंगाचा डबा बाईंच्या कपाळावर हाणला. रंग आणि रक्त एकत्र ओघळले. हिराबाय गरजली, “परत ब्रश लावशील तं हात मोडीन तुझा!”

“मोड की. पण वादळात त्याच हातांनी तुला उचलायचंय, हिरे. जरा कमी खात जा.”

लोक हसले. मी हसलो नाही. माझ्या हाती अर्ज तयार होता... ‘सदर रेघा तात्काळ पुसण्यात याव्यात.’ बाईंनी तो वाचला. “अक्षर सुंदर आहे हो तुमचं. एक प्रत समुद्रालाही पाठवा.”

अर्ज मंजूर झाला. रेघांवर चुना फिरला.

मग ती अमावास्या. पत्रे कोयत्यासारखे फिरले, सुपारीची झाडे कडाकडा मोडली, होड्या घरांत घुसल्या. इशारा झाला तरी वाड्यातून कोणी हलले नाही. मी मात्र केव्हाच शाळेत जाऊन बसलो होतो... माझ्या भिंतीवरची रेघ छातीएवढी होती, हे मला पाठ होते. बाई एकट्या खाली उतरल्या. हिराबायला पाठीवर घेऊन शाळेच्या पायरीपर्यंत आल्या आणि उडता पत्रा त्यांच्या मानेत बसला. हिराबाय त्यांचे हात हलवीत ओरडत होती, “ऊठ गो बाय! न्हाय मोडत, न्हाय मोडत हात, ऊठ!”

पाण्याने माझ्या भिंतीचा चुना धुऊन नेला. खालची लाल रेघ पुन्हा दिसते. पाणी तिथवरच आले होते, दोन बोटेही वर नाही.

सबब, वाचकहो, या अर्जात अर्जदार तोच आरोपी क्रमांक एक. त्या पहिल्या अर्जावर अंगठे देणारे आणि त्याला मंजुरी देणारे यांचीही चौकशी व्हावी, आणि पुढच्या उधाणापूर्वी घरोघरी रेघा पुन्हा ओढाव्यात. लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. मी त्याच भिंतीपाशी बसलेला असेन.