अनामिकेतल्या मुंग्या

“तुमच्या दादांचा आजार तुम्हाला नाही,” डॉक्टर म्हणाले. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून अर्धा संपवला. शेजारी वहिनी होती. तिने पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले आणि घडी घालून तो परत आत ठेवला.

रामदासपेठेतल्या त्या खोलीत आम्ही दोघी आधीही बसलो होतो, त्याच खुर्च्यांवर. तेव्हा मध्ये व्हीलचेअरवर दादा असायचा. त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाला होता. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. दादाचे आधी हात गेले, मग पाय, जीभ, शेवटी श्वास. डॉक्टर हे म्हणाले तेव्हा दादाला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

तो कन्हानकडच्या कोळसा खाणीत सर्वे ऑफिसात होता. तिथल्या एका कामठीच्या सहकाऱ्याने त्याला जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांची आणि लोकगीतांची गोडी लावली. निवृत्त झाल्यावर त्याने युकुलेले घेतलं. चार तारांचं, मांडीवर मावणारं, गिटारच्या धाकट्या भावंडासारखं वाद्य. गाणी आगगाड्यांची, दूर राहिलेल्या घराची, खाणकामगारांची. खाणीचं गाणं सुरू करण्याआधी तो हमखास म्हणायचा, “हे आपल्याच खाणीचं आहे, फक्त पत्ता चुकला.”

यातली पुष्कळ गाणी तीन कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या तीन जुळण्यांमध्ये, बसतात. त्यातला सी सगळ्यात सोपा. डाव्या हाताच्या अनामिकेने एक तार दाबायची, बस्स. दादाचा आजार पहिल्यांदा दिसला तो याच कॉर्डमध्ये. स्वच्छ वाजणारा सी घरघरायला लागला. “दुखत नाही, काही नाही. बोट नुसतं ऐकून नाही राहिलं,” असं तो म्हणाला होता.

तो गेल्यावर युकुलेले मी घेतलं. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. काहीही शिकायचं तर वहीवरून, हीच माझी रीत. दादाच्या वहीत शब्दांच्या डोक्यावर कॉर्ड लिहिलेले होते. रोज दुपारी दोन-तीन तास मी त्याच्या खुर्चीत बसून वाजवायची. वर्षभरात चौदा गाणी येऊ लागली.

मग या हिवाळ्यात माझा सी घरघरला.

तार बदलून पाहिली. तरी तेच. काही दिवसांनी चहाचा कप धरताना करंगळी बाहेरच राहू लागली. हा आजार क्वचित एकाच घरात दुसऱ्यालाही होतो, हे मी दादाच्या वेळी वाचलं होतं. वाचनाची सवय अशा वेळी फार छळते.

डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. किती दिवस झाले? वस्तू हातातून पडतात का? गिळताना त्रास? मुंग्या, बधिरपणा? मी म्हणाले, “नाही.” कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला तेव्हाही मी “कळतंय” म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि ईएमजी व एनसीव्ही या दोन तपासण्या लिहून दिल्या. पहिलीत बारीक सुई टोचून स्नायूचं काम बघतात, दुसरीत विजेचा हलका झटका देऊन नस निरोप किती वेगाने नेते ते मोजतात. तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली.

ते आठ दिवस मी युकुलेलेला हात लावला नाही. दादाच्या खुर्चीत मात्र बसायची, मांडीवर पुस्तक घेऊन, एकच पान उघडं ठेवून.

सातव्या दिवशी वहिनी भाजी निवडत समोर बसली होती.

“हात काहून झटकून राहिली वं सारखी?”

“मुंग्या येतात. करंगळीत, आणि अर्ध्या अनामिकेत.”

“डॉक्टरले सांगितलं?”

“नाही. विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हटलं.”

वहिनीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. “अवं, त्याईले कधी मुंग्या आल्या नाही. तू त्याईचे उत्तरं देऊन आली का?”

तसंच झालं होतं. दादाची जीभ जड झाल्यावर दोन वर्षं डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची. प्रश्न तेच होते, उत्तरं मला पाठ होती. मुंग्या, बधिरपणा? नाही. स्वतःच्या हाताला विचारायचं राहूनच गेलं.

तपासणीच्या दिवशी मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मुंग्या येतात? ही तर चांगली बातमी आहे,” ते म्हणाले. दादाचा आजार हालचालीच्या पेशींचा. त्यात स्पर्श सहसा शाबूत राहतो. त्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक केलं, तशी थेट करंगळीपर्यंत वीज गेली. तपासण्यांत तेच निघालं. क्युबिटल टनेल सिंड्रोम, म्हणजे कोपराच्या खोबणीतून जाणारी अल्नर नस दबणं. बाकी सगळे स्नायू ठीक होते. पहिल्या ओळीतलं वाक्य त्यांनी तेव्हा उच्चारलं.

मग त्यांनी विचारलं, “कोपर कशावर टेकवून बसता?”

दादाच्या खुर्चीचे हात सागवानी, कडक. युकुलेलेला पट्टा नव्हता, म्हणून डावं कोपर त्या लाकडावर रोवून मी त्याची मान तोलत होते, वर्षभर.

उपाय साधे निघाले. कोपर टेकवायचं नाही. झोपताना ते दुमडू नये म्हणून टॉवेल गुंडाळायचा. थोडे व्यायाम. सुधारणा झाली नसती तर छोटं ऑपरेशन, पण ती वेळ आली नाही. तीन महिन्यांत मुंग्या करंगळीच्या टोकापुरत्या उरल्या.

घरातल्या आजाऱ्याची सेवा करून उठलेल्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की तपासायला जाल तेव्हा आपल्या शरीराची उत्तरं घेऊन जा. परवाच्या भेटीत डॉक्टरांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. मी प्रत्येक प्रश्नाला थांबले, हाताकडे पाहिलं, मग बोलले. त्यांनी घाई केली नाही, याबद्दल त्यांचे आभार. वहिनीचे कसे मानायचे, मला कळत नाही.

आता युकुलेलेला पट्टा आहे. मी दिवाणावर बसते. दादाच्या खुर्चीत वहिनी बसते, भाजीचं ताट घेऊन. काल अनामिका तारेवर ठेवली आणि सी वाजला, स्वच्छ. पुन्हा एकदा वाजवून खात्री केली. मग वहीत खाणीच्या गाण्याचं पान काढलं.

मी सुरू करणार तेवढ्यात वहिनी मेथीतून मान वर न काढता म्हणाली, “थांब वं. आधी सांगायचं असते.” आणि तिनेच सांगितलं, “हे आपल्याच खाणीचं आहे. फक्त पत्ता चुकला.”