डब्यातून आलेली घोडी

मी शाळेतून निवृत्त झाले आणि पुण्याच्या लेकीला एकदम माझी काळजी वाटायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवले, आता मम्मीने स्वतःसाठी काहीतरी करावं, असं तिने परस्पर ठरवलं आणि मला न विचारता चित्रकलेच्या डब्याची वर्गणी भरून टाकली. दर महिन्याला एक डबा घरी येणार. त्यात रंग, ब्रश, जाड कागद आणि काय काढायचं, कसं काढायचं ते सांगणारं कार्ड. घरी येणार असं म्हणायचं, पण कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, फाट्यावरच्या किराणा दुकानात टाकून जातो. त्यामुळे मी उघडायच्या आधीच डबा अर्ध्या गावाने हलवून पाहिलेला असायचा.

कार्डावरची पहिली सूचना रंगांबद्दल नसायचीच. खिडकीशी निवांत बसा, मंद संगीत लावा, सोबतच्या पुडीतला चहा करून घ्या. आमची खिडकी गोठ्यावर उघडते. पुडीतल्या चहाचा एक घोट आमच्या ह्यांनी घेतला आणि उरलेला मोरीत ओतला.

पहिल्या डब्यात कुठल्याशा परदेशातलं जांभळ्या फुलांचं शेत होतं. मी अगदी मन लावून रंगवलं. शेजारीच राहणारे थोरले दीर, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, त्यांनी चष्मा पुसून ते बघितलं आणि विचारलं, “हाई कोनतं पीक शे? एकरी कितलं निंघस?” मला सांगता येईना. ते चित्र पुढे पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून गेलं. दुसऱ्या महिन्यातला बर्फाचा डोंगर कपाटाच्या खणात अंथरला गेला. आमच्या बैठकीत भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर आहे आणि त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा. माझी इच्छा काही फार मोठी नव्हती. त्या खिळ्यावर माझं एक चित्र लागावं, एवढीच.

तिसऱ्या डब्याचा विषय होता, तुमचा लाडका प्राणी. कार्डावर सोफ्यावर झोपलेली मांजर. आमच्याकडे मांजर सोफ्यावर झोपली तर चप्पल फेकून उठवतात. मी घोडी काढायचं ठरवलं.

घोडी आमच्या ह्यांची. सुपारीचंही व्यसन नसलेल्या या माणसाने आयुष्यात तेवढा एकच शौक केला होता. तांबूस अंग, पांढरे पाय, गळ्यावर लांबट भोवरा, म्हणजे देवमण, तो शुभ. पण डाव्या डोळ्याखालीही एक भोवरा निघाला, जिथे आसवं ओघळतात तिथे, आणि असली घोडी घराला रडवते असं दादांचं ठाम मत. मग घोडी आणली त्या वर्षी जे जे बिघडलं ते तिच्या नावावर गेलं. बोअरची मोटर जळाली, घोडी. पपईवर व्हायरस आला, घोडी. व्हायरस आख्ख्या तालुक्यात होता, आणि एवढ्या सगळ्या बागांत आमची घोडी कधी जाऊन आली, हे मी विचारलंही. शेवटी दादा मोटरसायकलवरून पडले आणि निकाल लागला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकली. हे थोरल्या भावापुढे कधीच बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. घरी आले, लगाम माळ्यावर टाकला आणि जेवायला बसले. त्या जेवणाचा मला फार राग आला होता.

यात्रेच्या सकाळचा तिचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो समोर ठेवून कित्येक दुपारी रंगवत बसले. पाय जमले, मान जमली, डोळाही बरा उतरला. डोळ्याखालचा भोवरा मात्र मी गाळला. मुद्दाम, त्या खिळ्यासाठी. भोवऱ्याची घोडी दादांनी भिंतीवर घटकाभरसुद्धा टिकू दिली नसती.

चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून वर दोरा ओवला, तोवर दादा आलेच. बघतच राहिले. “वा! देवमण शे, पाय पांढरा शेतस. असली घोडी पाहिजे व्हती आपले!” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ती खिळ्यावर लावली. मला हसू आवरेना, म्हणून चहाच्या निमित्ताने आत गेले.

संध्याकाळी हे शेतातून आले आणि चित्रापुढे उभे राहिले. हात पाठीमागे, बाजारात जनावर पाहतात तसे. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार.

“हाई आपली घोडी नही.”

“मंग कोनी शे?” मी चिडलेच.

“तिना भोवरा कोठे शे?”

“दादा काय म्हनतीन?”

ह्यांनी चित्र खाली काढलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे ब्रश मागितला. त्या राकट हातात तो बारीक ब्रश दिसतसुद्धा नव्हता. हात सैल सोडा, असं कार्ड सांगत होतं. ह्यांनी तर श्वाससुद्धा रोखून धरला होता. डाव्या डोळ्याखाली त्यांनी एक छोटी रेघ गोल फिरवली, केस वळतात तशी, आतून बाहेर. फोटोकडे एकदाही पाहिलं नाही. रंग वाळल्यावर तिच्या कपाळावरून हळूच अंगठा फिरवला. ह्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी दादा नेहमीसारखे चहाला आले आणि चित्राखालच्या खुर्चीत बसता बसता थबकले. चित्राजवळ गेले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले. आता त्यांना घोडी ओळखू आली होती.

“हाऊ भोवरा कोनी काढा?”

“मी,” हे म्हणाले.

“पुसी टाक.”

“नही. आते ती आठेच ऱ्हाई.”

थोरल्या भावाला नाही म्हणताना, ती आता इथेच राहील असं ठणकावताना मी ह्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. दादांनी कपबशी उचलली आणि समोरच्या भिंतीशी जाऊन बसले. चहा मात्र पूर्ण प्यायले.

लेकीचा फोन आला, डबे संपत आलेत, वर्गणी पुढे वाढवू का? मी म्हटलं, राहू दे गं. खिळा एकच होता.